‘टेस्टिंग झालं’ म्हणजे नक्की काय झालं?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत. सगळे नाही.)

लोकलमध्ये असाल, एसटीत असाल, नाहीतर हॉस्टेलच्या गच्चीवर असाल, आवाज नीट येतोय असं धरून सुरू करते. आजचा विषय सॉफ्टवेअर टेस्टिंग. टूल नाही, ऑटोमेशन नाही, कोडिंगही नाही. फक्त चार शब्द: टेस्ट केस, टेस्ट सूट, टेस्ट रन आणि टेस्ट प्लॅन.

हे शब्द तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी कोर्समध्ये ऐकले असतील, इंटरव्ह्यूसाठी व्याख्याही पाठ केल्या असतील. पण ऑफिसात त्या व्याख्या कुणी विचारत नाही. तिथे संध्याकाळी साडेसहाला मॅनेजर येऊन विचारतो, “काय रे, झालं का टेस्टिंग?” आणि समोरचा म्हणतो, “हो सर, झालं.” या ‘झालं’वर विश्वास ठेवून ॲप रात्री लोकांच्या फोनवर जातं. दुसऱ्या दिवशी कुणाचे तरी पैसे अडकतात. मग तोच मॅनेजर परत येतो: “तू टेस्ट केलं होतंस ना?”

केलं होतं. पण काय? कुठल्या बिल्डवर? कुठल्या फोनवर? कधी? याचं उत्तर देता आलं पाहिजे, आणि त्यासाठीच हे चार शब्द आहेत.

उदाहरण आपल्या ओळखीचं घेऊ. समजा एसटीचं तिकीट काढायचं एक ॲप आहे. हे आपलं कल्पनेतलं ॲप बरं का, खऱ्या ॲपबद्दल मी काही बोलत नाहीये. पण सवलतींचे नियम खरे घेऊ, कारण टेस्टरसाठी ते म्हणजे मेजवानीच आहे. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. महिलांना मार्च २०२३ पासून ५० टक्के सवलत. ६५ च्या पुढच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढे ऑगस्ट २०२२ पासून मोफत.

आता कुणीतरी टेस्ट केस लिहितं: “सवलत बरोबर लागते का ते चेक करणे.” ही टेस्ट केस नाही. ही इच्छा आहे.

केस म्हणजे काय, तर सुरुवातीची परिस्थिती काय, मी काय करणार, आणि बरोबर उत्तर काय यायला हवं, हे तिन्ही आधीच लिहून ठेवलेलं. ‘आधीच’ हा शब्द महत्त्वाचा. ग्लेनफर्ड मायर्स यांचं ‘द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग’ हे पुस्तक १९७९ साली आलं, त्यातही हा मुद्दा ठासून मांडलाय: अपेक्षित उत्तर हा केसचाच भाग असला पाहिजे. कारण उत्तर आधी लिहिलेलं नसेल, तर स्क्रीनवर जे दिसेल ते आपल्याला बरोबरच वाटायला लागतं. डोळे फार समजूतदार असतात, ॲपला सांभाळून घेतात.

बघा हं. पूर्ण भाडं ३४५ रुपये. महिलेचं अर्धं किती? १७२ रुपये ५० पैसे. मग ॲपनं १७२ घ्यायचे, १७३ घ्यायचे, का १७५? नुसतं ‘चेक करणे’ लिहिलं असतं तर स्क्रीनवर १७२ दिसले असते आणि आपण बरोबरची खूण करून पुढे गेलो असतो. ‘अपेक्षित उत्तर’ हा रकाना भरायला बसलं की पेन अडतं. पेन अडलं की उठून विचारावं लागतं, “सर, पूर्णांक कसा करायचा?” आणि बऱ्याचदा सरांनाही माहीत नसतं! तिथेच, ॲप उघडायच्या आधी, पहिली चूक सापडलेली असते. लोकांना वाटतं टेस्टर बटणं दाबून चुका शोधतो. माझ्या मते अर्ध्या चुका हा रकाना भरतानाच सापडतात.

अजून एक. ६८ वर्षांच्या आजी आहेत. ज्येष्ठ म्हणून अर्धं, महिला म्हणून अर्धं. ॲप अर्ध्याचं अर्धं तर करत नाही ना? झाली एक केस. ९ वर्षांची मुलगी. झाली दुसरी. आजोबांना १० मे रोजी ७५ पूर्ण होतात, प्रवास १० मेचा, पण तिकीट काढलं २ मेला. वय कुठल्या तारखेचं धरायचं, बुकिंगच्या की प्रवासाच्या? आणि ज्या दिवशी पंच्याहत्तरी त्या दिवशी मोफत, का दुसऱ्या दिवसापासून? गंमत म्हणून अजून एक घ्या: २९ फेब्रुवारी १९५२ ला जन्मलेले गृहस्थ. त्यांना ७५ वर्षं पूर्ण होणार २०२७ मध्ये, आणि त्या वर्षी २९ फेब्रुवारीच नाही. मग २८ ला का १ मार्चला? असे गृहस्थ महाराष्ट्रात नक्की आहेत, आणि तिकीट काढायला त्यांची नात त्यांच्या शेजारी बसलेली असेल.

तर अशा ८० केसेस झाल्या असं धरू. त्या ठेवायच्या कशा? इथे येतो सूट. (हा कपड्यांचा सूट नाही आणि तिकिटातली सूटही नाही. इंग्रजीत याचा उच्चार खरा ‘स्वीट’ असा होतो, तेव्हा परदेशी क्लायंट कॉलवर ‘टेस्ट स्वीट’ म्हणाला तर पेढे मागतोय असं समजू नका.) सूट म्हणजे केसेसचा गठ्ठा. लॉगिनचा एक, बुकिंगचा एक, सवलतींचा एक, पैसे भरण्याचा, तिकीट रद्द करून परतावा मिळण्याचा. शिवाय कामाप्रमाणेही गठ्ठे असतात. नवा बिल्ड आला की आधी ॲप उघडतंय का, तिकीट निघतंय का एवढं बघायला १०-१२ केसेस, त्याला म्हणतात स्मोक सूट. जुनं काही मोडलं नाही ना हे बघायला मोठा रिग्रेशन सूट.

इथे एकच सांगते आणि पुढे जाते. एक केस दोन गठ्ठ्यांत हवी असेल तर तिची कॉपी करू नका, तीच केस दोन्हीकडे जोडा. बहुतेक टूल्समध्ये तशी सोय असते. कॉपी केली की उद्या नियम बदलला, एक प्रत सुधारली, दुसरी तशीच राहिली, आणि सहा महिन्यांनी नवीन आलेली पोरगी जुन्या प्रतीवरून बिचारी ॲपलाच चूक ठरवत बसते.

आता आजचा मुख्य शब्द. रन.

केस म्हणजे काय तपासायचं. रन म्हणजे तपासलं, त्याची नोंद. केस एकदा लिहिली की वर्षानुवर्षं राहते. रन मात्र एका दिवसाचा असतो: अमुक तारीख, अमुक बिल्ड, हा फोन, ही अँड्रॉइड आवृत्ती, हे नेटवर्क, तपासणारी व्यक्ती, आणि प्रत्येक केसपुढे निकाल. उद्या नवा बिल्ड आला की रनही नवा, पाटी कोरी. कालचे निकाल आजच्या बिल्डला लागू होत नाहीत. क्रिकेटमधलं नाव घ्यायचं तर संघाच्या यादीत नाव असणं वेगळं आणि स्कोअरकार्डवर धावा असणं वेगळं. आपल्याकडे बऱ्याच टीम्स यादी दाखवून धावा मोजतात. “आमच्याकडे ८० टेस्ट केसेस आहेत!” छान. या बिल्डवर किती झाल्या?

रनमध्ये निकाल दोनच नसतात, पास आणि फेल. ‘ब्लॉक्ड’ असतो: मला तपासायचं होतं, पण तपासताच आलं नाही. पेमेंटचा टेस्ट सर्व्हर बंद होता, मग परतावा तपासणार कसा? आणि ‘झालीच नाही’ हाही एक निकाल असतो. नवीन माणसाला हे दोन्ही लिहायची लाज वाटते. वाटतं, काम अपुरं दिसेल. मग काय होतं, “कालच्या बिल्डवर चालत होतं की” म्हणून पास टाकून मोकळं. नका करू. मागच्या रनचा पास पुढच्या रनमध्ये ढकलणं म्हणजे न केलेल्या तपासणीवर सही करणं.

आकड्यात बघू. ८० केसेस. ६० पास, ५ फेल, १५ ब्लॉक्ड. रिपोर्टमध्ये कुणी लिहितं, “९२ टक्के पास.” खोटं आहे का? नाही. ज्या ६५ केसेस चालवल्या त्यातल्या ६० म्हणजे ९२ टक्केच. पण ८० पैकी ६० म्हणजे ७५ टक्के. आणि त्याहून मोठी गोष्ट: त्या १५ ब्लॉक्ड केसेस सगळ्या परताव्याच्या आहेत. म्हणजे ‘९२ टक्के पास’ असलेल्या ॲपमध्ये तिकीट रद्द केल्यावर पैसे परत येतात की नाही, हे या पृथ्वीवर कुणालाच माहीत नाही. टक्केवारीनं ते झाकलं. रन सूटप्रमाणे मांडून दाखवला असता तर मॅनेजरला एका नजरेत दिसलं असतं. मग रिलीज थांबवायचा की नाही ते तो ठरवेल, तो त्याचा अधिकार. पण ठरवताना त्याच्यासमोर खरं चित्र हवं.

हे झालं कल्पनेतल्या ॲपचं. आता खरं घडलेलं सांगते, आणि हे घडलं ब्रिटनमध्ये, टीएसबी नावाच्या बँकेत.

एप्रिल २०१८. टीएसबी आधी लॉइड्सचा भाग होती, नंतर स्पेनच्या सबादेल बँकेनं तिला विकत घेतलं. ग्राहकांची खाती मात्र अजून लॉइड्सच्या जुन्या यंत्रणेवर होती. ती सगळी, सुमारे ५० लाख ग्राहकांची, एका शनिवार-रविवारी नव्या यंत्रणेवर हलवायची होती. हलवली. माहिती नीट हललीही. पण त्यानंतर लोकांना लॉगिन होईना. काहींना दुसऱ्यांच्याच खात्याची माहिती दिसली. शाखांमध्येही अडचणी. कारभार पूर्ण रुळावर यायला डिसेंबर उजाडला. बँकेचे प्रमुख सप्टेंबरमध्ये पायउतार झाले. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला, आणि पुढच्या वर्षी बँकेच्या माहिती-तंत्रज्ञान प्रमुखावर वैयक्तिक ८१,६२० पौंडांचा दंड बसला. वैयक्तिक, म्हणजे स्वतःच्या खिशातून.

आता टेस्टिंगचा भाग ऐका. नवी यंत्रणा दोन डेटा सेंटर्सवर एकाच वेळी चालणार होती. इतके लोक एकदम आले तर ती टिकेल का, याची चाचणी झाली होती. केसेस होत्या. रन झाले होते. पण दोनपैकी एकाच डेटा सेंटरवर. या प्रकरणाची नंतर स्वतंत्र चौकशी झाली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला, आणि त्यात ही गोष्ट ठळकपणे पुढे आली.

म्हणजे विचारलं असतं, “लोड टेस्टिंग झालं का?” तर उत्तर आलं असतं, “झालं.” खरंच होतं ते! फक्त ‘कुठे’ हा रकाना कुणी मोठ्यानं वाचला नाही. रनला जागा असते, मशीन असतं, ते नोंदवायचं कशासाठी, ते यासाठी.

याच जातीचं दुसरं, जुनं प्रकरण बऱ्याच जणांना माहीत असेल. ४ जून १९९६, फ्रेंच गयानातलं कुरू. युरोपच्या एरियन ५ रॉकेटचं पहिलंच उड्डाण. सुमारे ४० सेकंदांत रॉकेट फुटलं, सोबतचे चार उपग्रह गेले. दिशा सांगणारी यंत्रणा एरियन ४ वरून जशीच्या तशी घेतलेली होती, आणि तिथे ती व्यवस्थित चालायची. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. तो आकडा छोट्या जागेत मावला नाही आणि मुख्य आणि राखीव, दोन्ही संगणक पाठोपाठ बंद पडले. चौकशी मंडळानं लिहिलं की एरियन ५ च्या प्रत्यक्ष मार्गाचे आकडे देऊन या यंत्रणेची चाचणी केलीच गेली नव्हती. आपल्या भाषेत सांगायचं तर जुन्या रनचा पास नव्या रॉकेटवर चालवला.

आता राहिला प्लॅन. खरं तर पुस्तकात तो पहिला येतो. मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण रन कळल्याशिवाय प्लॅन म्हणजे नुसता वीस पानी वर्ड डॉक्युमेंट वाटतो, जो कुणी वाचत नाही.

प्लॅनचं काम हिशोबाचं आहे. आपल्या ८० केसेस, समजा ५ वेगवेगळ्या फोनवर चालवायच्या. झाल्या ४००. एका केसला ४ मिनिटं धरली तरी १६०० मिनिटं, म्हणजे २६ तास ४० मिनिटं. एकटा टेस्टर, दिवसाचे ८ तास, चहाही न पिता: तीन दिवसांहून जास्त. आणि बिल्ड आलाय आज दुपारी, रिलीज परवा. मग काय करायचं? घाबरून जमेल तेवढं करायचं? की आधीच ठरवायचं: सगळ्या ८० केसेस सर्वात जास्त लोक वापरतात त्या एका फोनवर, आणि १२ केसेसचा स्मोक सूट बाकी ४ फोनवर. ८० अधिक ४८, झाल्या १२८. साडेआठ तासांचं काम. जमतंय. हे जे ठरवणं आहे ना, त्याला प्लॅन म्हणतात. एक पान पुरतं.

पण त्या एका पानावर एक ओळ हवीच: काय तपासणार नाही. हे माझं मत नाही, आयट्रिपलई ८२९ नावाच्या टेस्टिंगच्या कागदपत्रांच्या जुन्या मानकातच, जे १९८३ साली आलं, ‘तपासायच्या गोष्टी’ आणि ‘न तपासायच्या गोष्टी’ असे दोन वेगळे विभाग दिलेत. आपल्या प्लॅनमध्ये लिहायचं: “बाकी चार फोनवर परताव्याच्या केसेस चालवणार नाही.” लिहिलं की कुणीतरी विचारतं, “का रे? आपल्याकडे त्या फोनवाले प्रवासी किती?” नाही लिहिलं तर कुणी विचारत नाही. दुसऱ्या डेटा सेंटरची ओळ अशा एखाद्या पानावर ठसठशीत लिहिलेली असती आणि मोठ्या साहेबांना तिच्यावर सही करायला लागली असती, तर? काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही. पण प्रश्न तरी विचारला गेला असता.

इथे काही जण म्हणतील, एवढं सगळं लिहीत बसलो तर तपासणार कधी? बरोबर आहे. सगळंच केसमध्ये बसवायची हौस मलाही पटत नाही. ॲप हातात घेऊन मोकळेपणानं खेळणं, फोन आडवा करणं, पैसे भरताना मध्येच कॉल घेणं, घाटात रेंज जाते तसं नेट बंद करणं, यातून ज्या चुका सापडतात त्या ठरलेल्या केसेसमधून सापडत नाहीत. तेही करा. फक्त त्याचीही नोंद रनसारखीच ठेवा: तारीख, बिल्ड, फोन, किती वेळ, काय सापडलं. आणि सापडलेल्या चुकीची एक नवी केस लिहून सूटमध्ये टाका, म्हणजे पुढच्या वेळी ती नशिबावर राहणार नाही.

आता नेहमीचा प्रश्न: टूल कुठलं? टेस्टरेल, झेफर, एक्सरे ही पैसे देऊन घ्यायची टूल्स आहेत. टेस्टलिंक आणि किवी टीसीएमएस ओपन सोर्स आहेत, शिकायला घरच्या लॅपटॉपवर टाकून बघा. शब्द थोडे इकडेतिकडे होतात. कुठे सूटला सेक्शन किंवा फोल्डर म्हणतात, कुठे रनला सायकल किंवा एक्झिक्युशन म्हणतात. गोंधळू नका. ‘काय तपासायचं’ आणि ‘तपासलं त्याची नोंद’ या दोन गोष्टी टूलमध्ये कुठे आहेत एवढं शोधा, बाकीचं आपोआप कळतं.

आणि एक्सेल? चालतं की. छोट्या कंपनीत बहुतेक तेच असतं. पण एक्सेलमध्ये एक सवय सर्रास दिसते: केसेसची एक शीट, तिच्या शेवटी ‘स्टेटस’ नावाचा एक कॉलम, आणि प्रत्येक बिल्डला त्याच कॉलममधलं जुनं पुसून नवं लिहायचं. म्हणजे मागच्या सगळ्या रनचा इतिहास दर आठवड्याला पुसला जातो. ग्राहकाची तक्रार आली की “हे मागच्या रिलीजला चालत होतं का?” याचं उत्तर कुणाकडेच नाही. तसं नको. केसेसची शीट वेगळी, तिच्यात स्टेटस नाहीच. प्रत्येक रनला नवी शीट. वर चार ओळी: तारीख, बिल्ड, फोन, कुणी केलं. खाली केसचा नंबर, निकाल, फेल असेल तर बगचा नंबर, ब्लॉक्ड असेल तर कशामुळे. झालेल्या रनची शीट लॉक करून टाकायची, म्हणजे नंतर कुणी प्रेमानं दुरुस्त करणार नाही.

इंटरव्ह्यूला जाणाऱ्यांनी या आठवड्यात हे करून बघा. तुमच्या फोनमधलं रोजचं एखादं ॲप घ्या, त्यातली एकच गोष्ट निवडा, अलार्म लावणं घेतलंत तरी चालेल. १० केसेस लिहा, अपेक्षित उत्तरासकट. अलार्म वाजायच्या वेळी फोन सायलेंटवर असेल तर? चालू कॉल असेल तर? बॅटरी संपून फोन बंद असेल तर? मग तोच रन स्वतःच्या फोनवर आणि घरातल्या दुसऱ्या फोनवर करा. दोन शीट्स. त्या बरोबर घेऊन जा, आणि “टेस्ट केस आणि टेस्ट रन यात फरक काय?” असं विचारलं की व्याख्या म्हणू नका, शीट्स समोर ठेवा.

बगचा रिपोर्ट कसा लिहायचा, म्हणजे डेव्हलपरशी भांडण न होता, ते पुढच्या भागात. तोपर्यंत तुमच्या १० केसेस कमेंटमध्ये टाका, मी वाचते. चला, भेटू!